लाल बाटला, उलटे आटे आणि भाच्याची गाडी

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. म्हटलं काय झालं बाबा, कारण ही पोरं फोन करतच नाहीत, दुःखद बातमीसुद्धा मेसेजवर टाकतात. तर साहेब म्हणतात, "मामा, तू हायड्रोजनमध्ये होतास ना, मग एक सांग, आत्ता बॅटरीवाली गाडी बुक करू का दोन-तीन वर्षं थांबू? हायड्रोजनच्या गाड्या येणारेत म्हणे, पाण्यावर चालतात."

"तू हायड्रोजनमध्ये होतास" ऐकून मला हसूच आलं, जसं काय मी इस्रोत होतो. मी होतो भोसरी एमआयडीसीत, एका छोट्या शेडमध्ये, मेंटेनन्सला, बावीस वर्षं. फोनवर त्याला वीस मिनिटं सांगत होतो पण मागे टीव्ही चालू होता आणि तो नुसता "अच्छा अच्छा" करत होता, म्हणून आता इथे सगळं लिहून काढतो, वाचेल तेव्हा वाचेल.

आमचं काम होतं ब्राइट ॲनीलिंगचं. स्टेनलेस स्टीलची तार ओढून बारीक केली की ती कडक होते, मग तिला भट्टीत हजार-साडेदहाशे डिग्रीला तापवून परत मऊ करायची. पण साध्या हवेत तापवली तर ती काळी पडते, म्हणून भट्टीत हवेच्या ऐवजी हायड्रोजन भरायचा. हा गॅस ऑक्सिजनला जवळ येऊच देत नाही, जो काही असेल तो ओढून घेतो आणि पाणी होऊन निघून जातो, त्यामुळे तार बाहेर येते ती चांदीच्या पैंजणासारखी चकचकीत. आम्हाला काय त्यातून वीजबिज बनवायची नव्हती, आम्हाला फक्त तार काळी पडायला नको होती.

तर सुरुवातीला आमच्याकडे हायड्रोजन बाटल्यातून यायचा. लाल रंगाचा उंच बाटला आणि त्याला उलटे आटे. पेटणाऱ्या गॅसला मुद्दाम उलटे आटे ठेवतात, चुकून ऑक्सिजनचं रेग्युलेटर बसू नये म्हणून. नवीन हेल्पर आला की पाना घेऊन नेहमीच्या सवयीने सोडवायला जायचा आणि घामाघूम होऊन बसायचा, कारण तो सोडवत नसायचा, आणखी घट्ट करत असायचा. आम्ही जुने लोक चहा पीत मजा बघायचो, पाच मिनिटांनी कोणीतरी उठून सांगायचं.

आता खरी गंमत ऐका. तो बाटला रिकामा असतानाच पंचावन्न-साठ किलोचा, तिरका करून कडेवर फिरवत फिरवत न्यावा लागायचा, कमरेचे वांधे. आणि दीडशे बार प्रेशरने पूर्ण भरलेल्या बाटल्यात हायड्रोजन किती? अर्धा किलो, फार फार तर सहाशे ग्रॅम. साठ किलो लोखंड वाहायचं अर्धा किलो मालासाठी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, ते मी कित्येक वर्षं वाहिलंय. त्यामुळे पेपरात "हायड्रोजन, उद्याचं इंधन" असं काही छापून आलं की मला पहिल्यांदा तो बाटला आठवतो आणि कंबर दुखायला लागते.

वजनाच्या हिशोबाने बघितलं तर हायड्रोजनसारखं इंधन नाही, हे मात्र खरंय. एक किलोत साधारण पावणेतीन किलो पेट्रोलएवढी ताकद असते. म्हणून तर रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनात तोच वापरतात, चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर गेलं त्याच्या वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजनच होता. पण तो जागा खातो. एक किलो हायड्रोजन साध्या प्रेशरला ठेवायचा तर बारा हजार लिटर जागा लागते, म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा मोठा टँकर येतो तेवढी. मग त्याला दाबा नाहीतर गार करा. गाडीत भरायचा तर सातशे बार, तुमच्या टायरमध्ये असते दोन-सव्वादोन बार हवा, त्यावरून अंदाज घ्या. द्रव करायचा तर उणे २५३ डिग्रीपर्यंत उतरवायचा आणि त्या गार करण्यातच त्याच्यातली पाव ते एक तृतीयांश ताकद संपते.

नंतर मालकांनी बाटले बंद करून अमोनिया क्रॅकर बसवला. सिलिंडरमधला अमोनिया कमी प्रेशरलाच, आठ-दहा बारला, द्रव राहतो. तो क्रॅकरमध्ये सोडायचा, आत निकेलचं कॅटॅलिस्ट आणि साडेआठशे-नऊशे डिग्री, की अमोनिया फुटून तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन मिळतो. पन्नास किलो अमोनियातून पावणेनऊ किलो हायड्रोजन. तेवढाच लाल बाटल्यातून आणायचा म्हटलं तर सोळा बाटले, म्हणजे नऊशे किलो लोखंड वाहायचं. आता मोठमोठ्या परिषदांमध्ये "अमोनिया हाच हायड्रोजनचा वाहक" असं सांगतात, जहाजं भरभरून अमोनिया परदेशात पाठवायचे प्लॅन आहेत, ते ऐकून मला वाटतं की हे तर आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली चालू होतं की हो. फक्त त्याचा वास. अमोनिया जरासा जरी लीक झाला तरी डोळ्यातून नाकातून धारा लागतात, ओला रुमाल तोंडाला धरून व्हॉल्व्हकडे पळायचं. पण वास येतो ते बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी.

हायड्रोजनचं तसं नाही. त्याला वास नाही, रंग नाही, आणि पेटला तर दिवसा ज्योतसुद्धा दिसत नाही. एलपीजीत मुद्दाम गंधकवाला वास मिसळतात, तोच इथे मिसळला तर फ्युएल सेलच (गाडीत हायड्रोजनची वीज करणारं यंत्र) खराब होतो, त्याला गंधक चालत नाही. आमच्या एका व्हेंट पाइपच्या तोंडाशी कायम ज्योत पेटती ठेवायचो, जास्तीचा गॅस जळून जावा म्हणून. बाटल्यातल्या शुद्ध हायड्रोजनवर काम चालायचं तेव्हाची गोष्ट. एकदा एप्रिलमध्ये भर दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन थेट तिथे पडलेलं, मला वाटलं ज्योत विझली, म्हणून बघायला हात पुढे केला. डोळ्याला काही दिसलं नाही, फक्त केस जळाल्याचा वास आला आणि मग चटका. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस शिल्लक नव्हता. फोरमन काका काही बोलले नाहीत, कोपऱ्यातला खराटा उचलला, पुढे धरून पाइपकडे गेले, खराट्याच्या काड्या फर्रकन पेटल्या. "हा असा बघायचा," म्हणाले, "हात कशाला घालतो, देवानं खराटा दिलाय." त्यानंतर मी खराटा घेतल्याशिवाय त्या बाजूला गेलो नाही.

ह्याचा अर्थ हायड्रोजन म्हणजे बॉम्ब असंही नाही हं. लोकांना लगेच हिंडेनबर्ग आठवतं, १९३७ सालचं ते हवाई जहाज, ३६ माणसं गेली त्यात. पण हा गॅस इतका हलका आहे की उघड्यावर लीक झाला तर वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचून राहत नाही. उघड्या शेडमध्ये मला तो एलपीजीपेक्षा परवडला असं मी म्हणेन. बंद जागेत मात्र नको रे बाबा. एलपीजी हवेत दोन ते साडेनऊ टक्के असला तरच पेटतो, हायड्रोजन चारपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत केव्हाही, आणि त्याला ठिणगी पण एवढीशी पुरते, नायलॉनचा शर्ट काढताना चट् चट् होतं ना, तेवढी. म्हणून आमच्याकडे भट्टी सुरू करायच्या आधी नायट्रोजनने धुवून काढायची, मग हायड्रोजन. हे धुणं कोणी घाईत अर्धवट केलं की फट्ट आवाज व्हायचा आणि शेडमधली कबुतरं उडायची. जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ एक हायड्रोजन पंप उडाला, चौकशीत निघालं काय, तर टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट टाईट केलेले नव्हते. एवढं सगळं हायफाय आणि शेवटी गोष्ट पाना आणि टॉर्कवर आली.

बोल्टवरून आठवलं. आमच्या शेजारच्या गाळ्यात प्लेटिंगचं काम चालायचं. हाय टेन्साइल बोल्टला झिंक प्लेटिंग करताना हायड्रोजन निघतो आणि तो लोखंडाच्या आत शिरून बसतो. अणू एवढा बारीक की पोलादातसुद्धा घुसतो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर ते बोल्ट ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला काही तास भाजावे लागतात, बेकिंग म्हणतात त्याला, तो आतला हायड्रोजन बाहेर घालवायला. कोणी कंटाळा केला, विशेषतः बुधवारी संध्याकाळी, कारण गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, तर बोल्ट तेव्हा काही दिसत नाही, छान चमकतो. असेंब्लीत टाईट करून माणूस घरी जातो आणि रात्री कधीतरी टक्कन डोकं तुटून पडतं. आता हाच गॅस हजारो किलोमीटरच्या पाइपलाइनमधून न्यायचा म्हणतात. जुन्या गॅसच्या पाइपात थोडा मिसळला तर चालतो, पूर्ण भरायचा तर पोलाद कुठलं, वेल्डिंग कसं, व्हॉल्व्हची पॅकिंग काय, सगळं परत तपासायला लागतं. अशक्य काहीच नाही, पण स्वस्त पण नाही.

बरं, आता भाच्याच्या "पाण्यावर चालते" कडे येतो, कारण व्हॉट्सॲपवर दर महिन्याला एक व्हिडिओ येतो, कोणीतरी मोटरसायकलच्या टाकीत बिसलेरी ओततोय आणि मागे देशभक्तीपर गाणं. अरे बाबा, पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतल्या राखेवर परत भाकरी भाजता येते का? पाण्यातून हायड्रोजन परत काढायचा म्हणजे राखेचं परत लाकूड करायचं, आणि जळताना जेवढी ऊर्जा मिळाली त्याच्यापेक्षा जास्तच घालावी लागते. एक किलो हायड्रोजन काढायला नऊ लिटर पाणी आणि पन्नास ते पंचावन्न युनिट वीज. आमच्या घरी महिन्याला साधारण १६० युनिट येतात, म्हणजे आमचं अख्ख्या महिन्याचं घर, फ्रिज, पंखे, बायकोचा मिक्सर, माझी इस्त्री, सगळं मिळून तीन किलो हायड्रोजन.

म्हणजे हायड्रोजन जमिनीतून कोळशासारखा खणून काढायचं इंधन नाहीये, तो दुसऱ्याची ऊर्जा वाहून नेणारा हमाल आहे आणि हमाल म्हटला की हमाली आली. (जमिनीतून अजिबात निघत नाही असंही नाही, आफ्रिकेत मालीमध्ये एका गावात १९८७ साली पाण्यासाठी बोअर मारली, पाणी लागलं नाही पण एक जण सिगरेट ओढत वाकला आणि भडका उडाला, ९८ टक्के हायड्रोजन निघाला, नंतर त्यावर गावात वीज केली. पण असे गाव किती.) ही हमाली किती ते बघा. १०० युनिट विजेचा हायड्रोजन केला की उरतात पासष्ट-सत्तर, दाबून टाकीत भरेपर्यंत साठ, आणि गाडीतला फ्युएल सेल त्याची परत वीज करतो तेव्हा हातात तीस. तीच १०० युनिट सरळ बॅटरीत घातली तर पंचाहत्तर-ऐंशी चाकापर्यंत पोचतात. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, तसलं हे.

गडकरी साहेब मार्च २०२२ मध्ये टोयोटाच्या मिराई गाडीतून संसदेत गेले होते, सगळ्यांनी फोटो बघितले असतील. मिराई म्हणजे जपानीत भविष्य. त्या गाडीत ५.६ किलो हायड्रोजन बसतो आणि कंपनीच्या आकड्याने ती साडेसहाशे किलोमीटर जाते, म्हणजे किलोला सव्वाशेच्या आत. त्या एका किलोसाठी दाबण्याची धरून साठ युनिट वीज गेली. साठ युनिटात बॅटरीवाली साधी गाडी साडेतीनशे-चारशे किलोमीटर आरामात जाते. एवढं एकच गणित मी भाच्याला परत परत सांगत होतो, बाकी सगळं विसर म्हटलं. गाडी वाईट नाहीये, पाच मिनिटांत भरते, धूर नाही, मागून नुसतं पाणी टपकतं, पण ती भरायची कुठे? कॅलिफोर्नियात पंप होते, तिथे २०२४ मध्ये शेलने आपले गाड्यांसाठीचे हायड्रोजन पंप बंदच करून टाकले. आपल्याकडे चार्जिंगचा पॉईंट मिळवताना मारामारी आणि हा सातशे बारचा पंप कोण काढणार, नाक्यावरचा पंक्चरवाला?

ट्रक-बसचं मला अजून सांगता येत नाही, तिथे बॅटरीचं वजन हा खरा प्रॉब्लेम आहे. आपल्या पुण्यातच केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था, दोघांनी मिळून हायड्रोजनची बस केली, ऑगस्ट २०२२ मध्ये तिचं उद्घाटन झालं, पाषाणच्या एनसीएल प्रयोगशाळेतल्या लोकांचं त्यात मोठं काम आहे. टाटांचे हायड्रोजनचे ट्रक मार्च २०२५ पासून मुंबई-पुण्यासकट काही मार्गांवर ट्रायलला आहेत. चाळीस टनाचा ट्रक घेऊन घाट चढायचा आणि ड्रायव्हरला तीन तास चार्जिंगला बसवायचं नाही, तर कदाचित हायड्रोजनची हमाली परवडेल सुद्धा. पण बॅटऱ्यांचे भाव ज्या वेगाने उतरलेत ते बघता मी पैज लावणार नाही.

मग हे सगळं थोतांड आहे का? नाही. इथेच लोकांची गल्लत होते, कारण सगळे गाडीकडे बघतात. खरा हायड्रोजन गाडीत नाहीच, तो आत्ताच, आज, आपण धबाधबा वापरतोय आणि आपल्याला पत्ताच नाही. भारतात वर्षाला पन्नास लाख टनांहून जास्त हायड्रोजन लागतो, जगात साडेनऊ कोटी टनांच्या वर. जातो कुठे? निम्मा-अर्धा रिफायनऱ्यांमध्ये. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला, पेट्रोल-डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणावं लागलं, ते गंधक काढतो हायड्रोजन. चेंबूर-माहुलच्या चिमण्या दिसतात ना, तिथे आत हेच चालतं. बाकीचा बराचसा खतात. अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन, त्याचा अमोनिया, अमोनियाचा युरिया. शेतकऱ्याच्या खांद्यावरची ती ४५ किलोची गोणी म्हणजे एका अर्थी हायड्रोजनच. आजीच्या काळातला डालडा पण तेलात हायड्रोजन घालूनच घट्ट केलेला, म्हणजे तो आपण खाल्लाय पण.

आणि हा बहुतेक हायड्रोजन निघतो गॅस नाहीतर कोळशापासून. गॅसपासून एक किलो काढला की नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. जगातला एक टक्कासुद्धा स्वच्छ मार्गाने निघत नाही. म्हणजे ग्रीन हायड्रोजनचं, सोलर-वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढलेल्याचं, पहिलं काम नवीन काहीतरी चालवणं नाही, आधीची ही घाण साफ करणं आहे. तिथे बॅटरीचा काही उपयोग नाही, बॅटरीतून युरिया निघत नाही. पोलादाचंही तेच, लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला आज कोळसा जाळतात, त्याऐवजी हायड्रोजन वापरला तर धुराऐवजी वाफ निघते. आम्ही भोसरीत तारेवर करायचो तेच, मोठ्या भांड्यात. स्वीडनने २०२१ मध्ये असं पोलाद करून दाखवलं. पण जर्मनीत आर्सेलरमित्तलने २०२५ मध्ये असाच प्लॅन गुंडाळला, सरकार १.३ अब्ज युरो द्यायला तयार असताना, कारण वीज आणि हायड्रोजन दोन्ही परवडेना. म्हणजे होतं, पण भावात बसत नाही, अजून.

युरियातली एक मेख सांगतो. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो आज त्याच गॅसमधून फुकट मिळतो. ग्रीन अमोनिया केला की हा मिळणार नाही, वेगळा आणावा लागणार. म्हणून डीएपी आणि मिश्र खतांपासून सुरुवात होतेय, त्याला अमोनिया लागतो पण कार्बन डायऑक्साइड लागत नाही. २०२५ मध्ये केंद्राने त्यासाठी लिलाव केले, त्यात पहिल्याच लिलावात ग्रीन अमोनियाचा भाव ५५.७५ रुपये किलो निघाला, जो बऱ्याच लोकांना वाटला होता त्याच्या मानाने फारच कमी. मला तरी ही बातमी गाडीच्या शंभर फोटोंपेक्षा मोठी वाटली, पण ती आतल्या पानावर होती. अर्थात लिलावात भाव लावणं वेगळं आणि प्लांट उभा करून माल देणं वेगळं, हे एमआयडीसीत काम केलेल्याला सांगायला नको.

सरकारचं मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन ग्रीन हायड्रोजन. त्याच जुलैमध्ये महाराष्ट्राचंही धोरण आलं, ८,५६२ कोटींचं. आता ५० लाख टनाचं गणित मांडू. वीज लागणार २५ हजार कोटी युनिटच्या वर, म्हणजे अख्ख्या देशात वर्षभरात जेवढी वीज तयार होते त्याचा सातवा हिस्सा. त्यासाठी सव्वा लाख मेगावॅट सोलर आणि पवनऊर्जा नव्याने उभी करायची. आपली कोयना १,९६० मेगावॅटची, म्हणजे कागदावर साठच्या वर कोयना.

पाण्याबद्दल मात्र उगाच घाबरवतात. ५० लाख टनाला नुसतं पाणी लागतं १.६ टीएमसी, शुद्ध करणं आणि कूलिंग धरून तिप्पट केलं तरी पाचच्या आत. पुण्याची खडकवासला साखळी २९ टीएमसीची आहे आणि हा आकडा पूर्ण देशाचा आहे. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं असं म्हणतात, त्यापुढे हायड्रोजनचे पंचवीस-तीस लिटर म्हणजे किस झाड की पत्ती. फक्त एक, ऊन जिथे भरपूर तिथेच पाणी कमी असतं, आणि मराठवाड्यात मे महिन्यात गावाला टँकर चालू असताना शेजारच्या प्लांटला पाइपलाइनने पाणी चाललंय हे चित्र कुठल्याही टीएमसीच्या गणिताने पटवता येणार नाही. समुद्राचं पाणी गोडं करून वापरा, किलोमागे त्याचा खर्च किरकोळ पडतो.

खरी अडचण वेगळीच आहे. लोक म्हणतात दुपारची सोलरची वीज वाया जाते, तिचा हायड्रोजन करा, फुकट. ऐकायला छान. पण ते पाणी फोडून हायड्रोजन काढणारं इलेक्ट्रोलायझरचं मशीन कोट्यवधीचं, ते दिवसातले पाच-सहा तासच चालवायचं आणि बाकी वेळ नुसतं उभं? साखर कारखान्याचं बघा ना, चार-पाच महिने गळीत हंगाम आणि बाकी वर्ष बॉयलर थंड, पण व्याज काय हंगाम बघून थांबतं का. म्हणून चोवीस तास चालवायचं म्हणतात, मग रात्री वीज कुठली? कोळशाची घेतली तर ग्रीन कसला, उलट जास्त काळा. रात्रीपुरती वीज साठवायची तर आपलं घाटघर आहे, २५० मेगावॅट, खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि गरज लागली की सोडायचं, त्यात शंभरातले सत्तरच्या वर परत मिळतात. तिथे हायड्रोजन कशाला मधे आणायचा.

आणि हे काय नवीन नाहीये. पंजाबात नांगलला १९६० च्या आसपास भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून खत बनवायचे. तेव्हा ग्रीन वगैरे शब्द कोणी वापरत नव्हतं, वीज स्वस्त होती म्हणून करायचे. पुढे वीज स्वस्त राहिली नाही आणि तो मार्ग मागे पडला. एका ओळीत सगळी गोष्ट तिथेच संपते, वीज स्वस्त तर हायड्रोजन, नाहीतर राम राम.

बायको मागून वाचतेय आणि म्हणतेय स्वयंपाकाच्या गॅसचं लिहा. लिहितो. सुरतजवळ कवासला एनटीपीसीच्या कॉलनीत जानेवारी २०२३ पासून पाइपच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळून देतात, आठ टक्क्यांपर्यंत. ऐकून वाटतं वा, आठ टक्के वाचले. पण हे आठ टक्के आकारमानाचे, आणि तेवढ्याच जागेत हायड्रोजनमध्ये ताकद असते तिसऱ्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे भाजी शिजवायच्या हिशोबात ते अडीच टक्केच होतात. प्रयोग म्हणून ठीक. इंडक्शन घ्या सरळ. बाकी मुंबईकरांना हायड्रोजनवरचा गॅस नवीन नाही, १८६५ मध्ये तिथे रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते कोळशाच्या गॅसचे, आणि त्या गॅसमध्ये साधारण निम्मा हायड्रोजनच असायचा. लालबागला गॅस कंपनी लेन अजून आहे, नाव तिथूनच आलंय.

तर भाच्याला मी सांगितलं, थांबू नकोस, घे बॅटरीवाली. हायड्रोजन तुझ्या दारात गाडी होऊन येणार नाही, आला तर गोणीतून येईल नाहीतर पुलाच्या सळईतून, आणि तुला कळणार पण नाही. त्याने काल बुकिंगच्या पावतीचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "मामा, सोसायटीवाले पार्किंगमध्ये चार्जिंग पॉईंट द्यायला नाही म्हणतायत, आग लागेल म्हणे." शनिवारी त्यांची मीटिंग आहे, मला चल म्हणतोय. जाईन म्हणतो, घरचा खराटा घेऊन.